श्वासांची मोजदाद

दिवाळी सरली म्हणजे आमच्या कडोदऱ्याच्या चौरस्त्यावरून उसाने लादलेली वाहने चलथाण व बारडोलीच्या वाटेने जाऊ लागतात. त्यांच्या थोडे आधी ऊस तोडणारी माणसे आलेली असतात. कोणी डांगातून, कोणी नवापूर-नंदुरबारकडून, कोणी साक्रीच्या डोंगरातून. रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेत पालांचा पडाव पडतो आणि उन्हाळा तापू लागेपर्यंत तो तेथेच असतो. बहुतेक मंडळी आदिवासी: भिल्ल, मावची, कोकणा. नवरा, बायको आणि त्यांच्या पायाशी घोटाळणारे एखादे मूल, असा हा संसार इकडे ‘कोयता’ या एकाच शब्दाने ओळखला जातो.

गेल्या वर्षी आरोग्याचा पाठ चालू असता आठवीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, “सर, पडावात बाळ जन्मले, तर त्याची नोंद कोणाच्या वहीत होते?” त्याची मामी त्या सुमारास पडावात बाळंत झाली होती. बाळ चार दिवसांनी गेले होते. ही गोष्ट त्याने तास संपल्यावर सांगितली, वर्गात सांगितली नाही. त्याच्या प्रश्नाला त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले ते अर्धवट होते. पुढे आम्ही पुस्तके चाळली, काही जाणत्यांना विचारले, आणि प्रश्न आम्हांस वाटला होता त्याहून फार मोठा आहे हे ध्यानात आले. आजार व मृत्यू मोजतो कोण, ज्यांचे आजार मोजले जातात त्यांना ते मोजण्याची विद्या शिकता येते की नाही, आणि शिकता आली तर काय घडते, याविषयी जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

‘संशोधन’ हा शब्द उच्चारताच पांढरा डगला, काचेच्या नळ्या आणि सूक्ष्मदर्शक यंत्र ही सामग्री आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. आरोग्याच्या बाबतीत ही समजूत अपुरी आहे. अमुक गावात किती बाळे जन्मली, किती जगली, जी गेली ती कशाने गेली, हे निश्चितपणे सांगता येणे हेच एक मोठे संशोधन होय. त्यास यंत्रे थोडी लागतात. चिकाटी, नेमकेपणा आणि आपली चूक दुसऱ्याने दाखविली असता न रागावण्याची वृत्ती मात्र पुष्कळ लागते. यांपैकी शेवटचा गुण किती दुर्मीळ आहे, याचा अनुभव आम्हां शिक्षकांस उत्तरपत्रिका परत देताना दरवर्षी येतो.

आम्ही वर्गात एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या जोड्या पाडल्या आणि समोरच्याचे श्वास घड्याळाच्या एका मिनिटात मोजावयास सांगितले. उत्तरे आली ती चौदापासून एकेचाळीसपर्यंत! एकाच वयाची, एकाच बाकावर बसणारी ही मुले. मग इतका फरक कसा? चौकशी करता कारणे उघडकीस आली. कोणी आत घेतलेला श्वास एक व बाहेर टाकलेला दुसरा, असे दोन मोजले होते. कोणी तोंडाकडे पाहत होता, त्यामुळे समोरच्यास हसू फुटले. आपला श्वास कोणी मोजत आहे हे कळताच काहींनी तो उगाच लांबवला. मग आम्ही नियम ठरविला: छाती व पोट एकवार वर येऊन खाली गेले म्हणजे एक श्वास. दोघांनी निरनिराळे मोजावयाचे, आकडा आपापल्या कागदावर लिहावयाचा, आणि दोन्ही कागद उलगडेपर्यंत एकमेकांस सांगावयाचा नाही. दुसऱ्या खेपेस फरक दोन-तीन श्वासांवर आला. मोजण्याआधी काय मोजावयाचे याची व्याख्या हवी, आणि एकाने मोजलेले दुसऱ्याने पडताळावयास हवे, हे दोन धडे विद्यार्थ्यांनी पाऊण तासात स्वतःच काढले.

आता हा खेळ ज्याच्या जिवाशी गाठ घालतो त्या रोगाकडे वळू. लहान मुलाच्या फुप्फुसात जंतूंचा प्रादुर्भाव झाला म्हणजे न्यूमोनिया होतो व श्वास भराभर चालू लागतो. आपल्या आज्या त्यास ‘डबा झाला’ किंवा ‘पोट उडते’ असे म्हणत आल्या आहेत. आमच्या गुजराती शेजारणी ‘ससणी’ म्हणतात. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० वा अधिक, एक वर्षापर्यंतच्या मुलाचा ५० वा अधिक आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा ४० वा अधिक भरला, तर खोकल्याच्या त्या मुलास न्यूमोनिया असावा असे समजून उपचार करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिकवण आहे. वेळेवर औषध मिळाले तर यांतील बहुतेक मुले वाचतात. परंतु ज्या गावापासून दवाखाना एका दिवसाच्या चालीवर आहे तेथे श्वास मोजावयाचा कोणी?

महाराष्ट्राच्या पूर्व टोकास गडचिरोली हा जिल्हा आहे. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ मध्ये तो अस्तित्वात आला. दाट अरण्य, गोंड व माडिया आदिवासींची वस्ती, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेमार्फत काम आरंभिले. गावोगावच्या सुईणींना न्यूमोनिया ओळखावयास शिकवावे, असे त्यांनी ठरविले. अडचण अशी की, यांतील पुष्कळजणी शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या. त्यांना दहा-बारापर्यंत मोजता येई. त्यापुढे आकडे डळमळू लागत. आणि येथे तर पन्नास-साठपर्यंत, तेही एका मिनिटात, न चुकता मोजावयाचे!

यावर काढलेला तोडगा विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावा असा आहे. लाकडी चौकटीत एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ बसविले आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी ओवल्या. एक दोन महिन्यांच्या आतील बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलासाठी. सुईणीने घड्याळ उलटे करावे, श्वास मोजावे, दहा झाले की एक मणी सरकवावा आणि पुन्हा एकापासून आरंभ करावा. वाळू संपण्यापूर्वी ओळीतील अखेरच्या तांबड्या मण्यापर्यंत हात पोहोचला तर मुलाला न्यूमोनिया आहे. दहापर्यंतचे मोजणे तिला येतच होते. हे उपकरण १९९० च्या सुमारास प्रत्यक्ष वापरात होते व त्याचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्धही झाले आहे. ज्या गावांत असे प्रशिक्षित कार्यकर्ते व सुईणी होत्या तेथे न्यूमोनियाने होणारे मृत्यू पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८.१ होते, शेजारच्या तुलनेच्या गावांत ते १७.५ होते. हा अहवाल १९९० साली ‘लॅन्सेट’ या विख्यात इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकात छापला गेला. तुलनेच्या गावांविषयी पुढे अधिक सांगू.

न्यूमोनियाच्या मागे लागता लागता असे दिसून आले की, मुलांच्या मृत्यूंपैकी फार मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतला आहे. या काळातील मृत्यू हे बाहेरून आलेल्या पाहुण्यास दिसतच नाहीत. बाळंतीण अंधाऱ्या खोलीत, बाळ तिच्या कुशीत, दाराशी परक्यास मज्जाव. बाळ गेले तर घरामागे पुरले जाते आणि घरचे बोलत नाहीत. विचारलेच, तर ‘मेलेलेच जन्मले’ असे सांगून मोकळे होतात. आता व्याख्येचे महत्त्व पाहा. जे बाळ जन्मतः एकदा तरी रडले, ज्याने एकदा तरी श्वास घेतला, ते जिवंत जन्मले. ते घटकाभरानंतर गेले तर तो नवजात मृत्यू होय आणि कदाचित टाळता आला असता. जे पोटातच गेले ते मृतजन्म. वरवर चौकशी करणारा या दोहोंची गल्लत करतो आणि मग तक्त्यात मृत्यूच उरत नाहीत. बाळ रडले होते की नाही, हे त्या खोलीत बसलेल्या बाईलाच ठाऊक असते.

म्हणून ‘सर्च’ने गावातीलच स्त्रिया निवडल्या. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या, स्वतः लेकुरवाळ्या, गावाने मान्य केलेल्या. त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हणू लागले. बाळंतपणाच्या वेळी हजर राहणे, घड्याळ पाहून जन्मवेळ लिहिणे, झोळीच्या काट्याने बाळाचे वजन करणे, तापमान घेणे, श्वास मोजणे, बाळ दूध ओढते की नाही हे पाहणे, आणि हे सर्व ठरावीक दिवशी पुन्हापुन्हा करून छापील तक्त्यात उतरविणे, हे त्यांचे काम. पहिल्या वर्षी, १९९५-९६ मध्ये, ३९ गावांतील ७६३ नवजात बाळांची अशी नोंद झाली. त्यातून जे चित्र उमटले ते कोणत्याही रुग्णालयाच्या दप्तरात नव्हते, कारण यांतील बहुतेक बाळे रुग्णालयाच्या वाटेस गेलीच नव्हती. शेकडा ४२ बाळांचे जन्माचे वजन अडीच किलोहून कमी होते. निम्म्याच्या आसपास बाळांना गंभीर स्वरूपाची एखादी तरी व्याधी झाली. डॉक्टरी उपचार मिळाले ते अवघ्या शेकडा २.६ बाळांना. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ही ३९ गावे केवळ आदिवासींची नव्हती. आदिवासी व इतर ग्रामीण असा मिश्र समाज तेथे राहतो.

मग उपचार सुरू झाले. शेजारच्या ४७ गावांत नेहमीचीच व्यवस्था चालू राहिली. तेथे केवळ जन्म-मृत्यू मोजले गेले. हा तुलनेचा भाग विद्यार्थ्यांना प्रथमदर्शनी निष्ठुर वाटतो व तसे ते म्हणतातही. परंतु समजा, त्या तीन वर्षांत पाऊसपाणी चांगले झाले, रस्ते झाले, आणि म्हणून मृत्यू घटले, तर श्रेय आरोग्यदूतांचे की पावसाचे? हे ओळखण्यास त्याच पावसात भिजलेली, तीच ज्वारी व तोच तांदूळ खाणारी दुसरी गावे बाजूला हवीत. १९९३ ते १९९५ या काळात आरोग्यदूतांच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत होते व तुलनेच्या गावांत ५८. कामाच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, तुलनेच्या गावांत ५९.६ होते, आरोग्यदूतांच्या गावांत २५.५. त्रैराशिक मांडून पाहावे: पूर्वी सोळा बाळांमागे एक जात होते, आता चाळीसांमागे सुमारे एक. जंतुदोषाने आजारी पडलेल्या नवजात बाळांपैकी पूर्वी शेकडा १६.६ दगावत, आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर शेकडा २.८. हे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले.

खेड्यातील बाईने नवजात बाळास इंजेक्शन द्यावयाचे, ही कल्पना त्या वेळी अनेक वैद्यकीय पंडितांस मुळीच रुचली नाही. आणि त्यांची काळजी निष्कारण होती असे आम्ही म्हणणार नाही. म्हणूनच आम्हांस या सर्व हकिगतीत इंजेक्शनाहून वहीचे मोल अधिक वाटते. आरोग्यदूत जे लिही ते पर्यवेक्षक येऊन ताडून पाही. जन्म-मृत्यूंची नोंद वेगळे कार्यकर्ते स्वतंत्रपणे ठेवीत आणि दर सहा महिन्यांनी घरोघर फिरून पुन्हा मोजणी होई. आमच्या वर्गातले ते दोन कागद आठवावेत. जगातील सर्वांत चिकित्सक तज्ज्ञांपुढे जो पुरावा उभा राहिला त्याचे मूळ टिपण पाचवी-सातवी शिकलेल्या बायांच्या हातचे होते, आणि ते टिकले.

पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवेची योजना देशभर नेली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी सहा भेटी, घरी जन्मलेल्याच्या सात. ही आनंदाची गोष्ट होय. तथापि आमच्या मनात एक शंका राहते. आशाताई तक्ते भरते, तक्ते तालुक्यास जातात, तेथून जिल्ह्यास, तेथून राजधानीस. आपल्या गावात यंदा काय घडले, गतवर्षीपेक्षा बरे की वाईट, हे त्या तक्त्यांतून तिला कोणी उलट सांगते का? जी मोजते तिलाच जर मोजण्याचा अर्थ कळला नाही, तर ती लेखनिक राहिली, संशोधक झाली नाही. आमच्या परिचयाच्या अनेक आशाताई हुशार आहेत. त्यांच्यापैकी एकीने आम्हांस आपल्या जुन्या वह्या दाखविल्या, तेव्हा पानोपानी समासात तिने स्वतःसाठी खुणा केलेल्या होत्या. कोणत्या घरी पुन्हा जावे, कोणती सून बोलत नाही पण तिची जाऊ बोलते. तक्त्यात या खुणांना रकाना नव्हता.

प्रश्न कोणी विचारावयाचा, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. डॉ. राणी बंग यांनी वसा व अमिर्झा या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून स्त्रियांच्या आजारांविषयीचा अहवाल १९८९ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा शेकडा ९२ स्त्रियांना एखादा तरी आजार असल्याचे आढळले. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन एवढेच समजले जाई, कारण त्या स्त्रियांना दुसरे काही कोणी विचारलेच नव्हते. त्याच भागातील स्त्रियांकडून झाडाझुडपांची माहिती ऐकून त्यांनी ‘गोईण’ हे पुस्तक लिहिले. गोईण म्हणजे तिकडच्या बोलीत मैत्रीण. आमच्या ग्रंथपालांस आम्ही ते मागविण्याची विनंती केली आहे. आणि ‘सर्च’चा दवाखाना बांधताना लोकांना विचारले असता त्यांनी तो आपल्या घरांसारखा असावा, असे सांगितले व त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले. मेळघाटात धारणी तालुक्यातील उतावली येथे डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेनेही कोरकू गावांतील कार्यकर्त्यांना हाताशी धरून बालमृत्यूंवर अशाच धर्तीचे काम केले आहे.

ही विद्या समाजाच्या स्वतःच्या हाती नसली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे. अमेरिकेत ऍरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यन नावाची प्रचंड दरी आहे. तिच्या तळाशी हवासुपाई ही आदिम जमात राहते. या लोकांत मधुमेह फार. १९९० च्या सुमारास ऍरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचे रक्त घेतले. मधुमेहाचे कारण शोधण्यासाठी, असे लोक समजून चालले. पुढे २००३ मध्ये त्यांना कळून आले की त्याच रक्तावर मनोविकारांचा, आप्तसंबंधांतील विवाहांचा आणि त्यांचे पूर्वज कोठून आले याचाही अभ्यास झाला आहे. आपण या दरीतच निर्माण झालो, अशी त्या लोकांची श्रद्धा आहे. त्यांनी न्यायालयात दाद मागितली. २०१० मध्ये तडजोड होऊन विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त परत केले. पैशापेक्षा ही शेवटची गोष्ट आम्हांस अधिक बोलकी वाटते. दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांनी तर २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःच एक आचारसंहिता तयार केली. आमच्याकडे यावयाचे असेल तर आदराने, प्रामाणिकपणे यावे, आणि जे सापडेल ते आम्हांस येऊन सांगावे, असा तिचा आशय आहे.

हवासुपाईंची कथा दूरची म्हणून सोडून देता येत नाही, कारण रक्ताचा प्रश्न आपल्या दाराशी आहे. दक्षिण गुजरातेत व खानदेशात गामीत, चौधरी, वसावा, हळपती, कोकणा इत्यादी जमातींत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. यात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात व रक्त कमी पडते. भारतात तो प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळला. आमच्या या भागात वलसाडच्या रक्तदान केंद्रातील डॉ. यझदी इटालिया यांनी त्याच्या शोधासाठी अनेक दशके खर्ची घातली. गुजरात सरकारचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम २००६ मध्ये सुरू झाला, डॉ. इटालियांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. राष्ट्रीय पातळीवरील निर्मूलन अभियानाचा आरंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे झाला.

याचे गणित विद्यार्थ्यांनी दोन नाणी घेऊन स्वतः करून पाहावे. प्रत्येक नाण्याच्या काट्याच्या बाजूस सदोष गुण आणि छापाच्या बाजूस निर्दोष गुण माना. आई व वडील दोघेही वाहक, म्हणजे प्रत्येकाजवळ एक सदोष व एक निर्दोष गुण, पण स्वतः निरोगी. दोन्ही नाणी एकदम उडवा. दोन्ही काटे पडले तर मूल आजारी, एक काटा पडला तर मूल वाहक, दोन्ही छाप पडले तर पूर्ण निर्दोष. चारांत एक, चारांत दोन, चारांत एक. हे प्रमाण प्रत्येक बाळंतपणास नव्याने लागू होते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नाही. हा भ्रम शिकलेल्यांतही आम्ही पाहिला आहे.

तपासणी झाली, कागद हाती पडला. आता तो कागद कोणाला दाखवावयाचा? वाहक मुलगी म्हणजे रोगी मुलगी, असा समज गावात पसरला तर तिचे लग्न अडते. मुलाच्या कागदाविषयी मात्र तितकी चौकशी होत नाही. रक्त तपासणे हे प्रयोगशाळेचे काम झाले. वाहक म्हणजे काय हे वसावीत, गामीतात, कोकणी बोलीत म्हाताऱ्या आजीस पटेल असे सांगणे, आणि कोणाचा निकाल कोणास सांगू नये हे कसोशीने पाळणे, हे त्या समाजात वाढलेल्या व नीट शिकलेल्या मुलामुलींनाच साधण्यासारखे आहे. अशी मुले आमच्या वर्गांत बसली आहेत.

भाषेचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, जरी त्यातून हसू फुटते. गुजरातीत तापाला ‘ताव’ म्हणतात. ‘बाळाला ताव आला होता का?’ असा प्रश्न एका छापील कागदावरून आमच्या एका विद्यार्थिनीने शेजारच्या खानदेशी आजीबाईंना वाचून दाखविला, तेव्हा आजीबाई म्हणाल्या, “एवढ्याशा बाळाला कशाचा ग बाई ताव? आणि आला तरी त्याचा राग कोण मनावर घेतो?” प्रश्न एका भाषेतून दुसरीत नेला तर तिसऱ्याकडून तो परत मूळ भाषेत आणवून पाहावा, म्हणजे वाटेत काय सांडले ते कळते, असा संशोधकांचा रिवाज आहे. आमच्या शाळेतील पुष्कळ मुले घरी अहिराणी किंवा मावची, रस्त्यावर गुजराती, कारखान्याच्या फाटकाशी हिंदी आणि वर्गात मराठी बोलतात. परीक्षेत या चार भाषांची सरमिसळ झाली की आम्ही गुण कापतो. संशोधनाच्या कामी त्याच चार भाषा मोठे भांडवल ठरतील.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. त्याप्रमाणे जन्म वा मृत्यू जेथे घडतो तेथेच त्याची नोंद करावयाची असते, आणि एकवीस दिवसांच्या आत केल्यास शुल्क पडत नाही. म्हणजे त्या बाळाचा जन्म व मृत्यू ही दोन्ही आपल्या बाजूच्या वहीत, पडाव ज्या हद्दीत होता तेथील निबंधकाकडे, लिहिली जावयास हवी होती. नवापूरकडच्या त्यांच्या गावात अंगणवाडीताईंच्या यादीत मामीचे नाव गरोदर म्हणून होते. दिवाळीनंतर ती ‘स्थलांतरित’ झाली आणि रकाना रिकामा राहिला. येथे ती ‘बाहेरची’ होती. गेल्या शतकात यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने बारडोली भागातील ऊसतोड मजुरांचे हाल जगापुढे मांडले. १९६२ पासून तो या भागात येत होता. त्याच्या ग्रंथांमुळे पुष्कळांचे डोळे उघडले. तरी चार दिवस जगलेल्या बाळाची खबर त्याच्यासारख्या पाहुण्यापर्यंत पोहोचणे कठीणच.

यंदा त्या विद्यार्थ्याने एक वही घातली आहे. त्याच्या मामाच्या पडावात किती कुटुंबे आली, त्यांत पाच वर्षांखालील मुले किती, गरोदर बाया किती, एवढेच तो रविवारी जाऊन विचारतो. नावे लिहीत नाही, पालांना क्रमांक दिले आहेत. विचारण्यापूर्वी पडावातील वडीलधाऱ्यांची संमती घ्यावी असे आम्ही सुचविले होते. त्याने ती घेतली, पण त्यांनी एक अट घातली की, वहीत काय लिहिले ते दर खेपेस मोठ्याने वाचून दाखवावे. त्याप्रमाणे तो वाचून दाखवितो. दुसऱ्या रविवारी एका बाईने त्याला थांबवून सांगितले की, सातव्या पालात मुले दोन नाहीत, तीन आहेत. तिसरे झोळीत निजले होते म्हणून त्याला दिसले नाही. त्याने दोनाचा आकडा खोडून तीन केला आणि शेजारी तारीख घातली.